पहिल्या नंबरवर कोणतं कॉलेज लिहू, सर?

नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की आमच्या दारात संध्याकाळी चपलांची रांग लागते. मी तालुक्याच्या गावात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो. पोरं आणि त्यांचे आईवडील प्लास्टिकची फाईल घेऊन येतात, चहाचे कप बाजूला सरकतात आणि टेबलभर कागद पसरतात.

अशीच एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. मार्क चांगले होते. नेट कॅफेतून प्रिंट काढून आणलेली कॉलेजांची यादी तिने माझ्यापुढे ठेवली. पहिल्या क्रमांकावर शेजारच्या जिल्ह्यातलं नवं सरकारी कॉलेज, आणि मुंबईचं सायन पार एकविसाव्या क्रमांकावर. मी विचारलं, "दोन्हीकडे नंबर लागला तर कुठे जाशील?" ती म्हणाली, "सायनला." "मग ते इतकं खाली का?" यावर वडीलच बोलले, "सर, गेल्या वर्षीच्या कटऑफप्रमाणे सायन हिला बसत नाही म्हणे. मग वर लिहून पहिला नंबर फुकट कशाला घालवायचा?"

ही भीती मला घरोघरी दिसते. दोन वर्षं पहाटे चारला उठून अभ्यास केलेल्या मुलांच्या हातून, केवळ या एका गैरसमजापायी, हक्काची जागा निसटते. म्हणून पसंतीक्रमाची यादी कशी चालते ते आधी नीट समजून घेऊ. बाकीचं त्यानंतर.

समजा, नागपूर, अकोला आणि यवतमाळ या तीन सरकारी कॉलेजांत एकेकच जागा उरली आहे आणि मुलं चार आहेत. गुणवत्ता यादीत मीरा पहिली, इम्रान दुसरा, सागर तिसरा, पूजा चौथी. मीरा, इम्रान आणि सागर या तिघांनीही नागपूर, अकोला, यवतमाळ असाच क्रम लिहिला. पूजाने मात्र "आपला नंबर यवतमाळलाच लागेल" असा हिशेब करून यवतमाळ पहिलं लिहिलं.

कॉम्प्युटर आधी मीराला घेतो. तिचं पहिलं नाव नागपूर, जागा आहे, दिली. मग इम्रान. नागपूर भरलंय, म्हणून तो लगेच इम्रानच्या दुसऱ्या नावाकडे वळतो. अकोला रिकामं आहे, दिलं. या क्षणापर्यंत सागर किंवा पूजाची यादी उघडलेलीसुद्धा नाही. नागपूर पहिलं लिहिल्यामुळे इम्रानचं काय गेलं? काहीच नाही. मग सागरची पाळी येते. नागपूर भरलं, अकोला भरलं, तिसरं यवतमाळ रिकामं, ते त्याला मिळालं. शेवटी पूजा. तिने यवतमाळ पहिल्या क्रमांकावर लिहिलं होतं आणि सागरने तिसऱ्या, तरी जागा सागरलाच गेली. कारण दोघांत कोण आधी हे गुणवत्ता यादी ठरवते. पसंतीचा आकडा फक्त तुमच्या स्वतःच्या यादीपुरता असतो.

आता दुसरी बाजू पाहा. समजा इम्रानने घाबरून अकोला पहिलं आणि नागपूर दुसरं लिहिलं. आणि मीराला देशपातळीवरच्या फेरीत नागपूरचंच एम्स मिळालं, म्हणून ती राज्याच्या यादीत उरलीच नाही. कॉम्प्युटर इम्रानपाशी येतो, अकोला रिकामं दिसतं, देऊन टाकतो. नागपूरची जागा तशीच उघडी राहते आणि त्याच्या मागे असलेल्या सागरला मिळते. इम्रानचा गुणवत्ता क्रमांक नागपूरसाठी पुरेसा होता. पण त्याने ते आधी मागितलंच नाही.

म्हणून मी मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगतो. कोणतीही दोन नावं घ्या आणि स्वतःला विचारा, "दोन्ही हातात आली तर कुठलं घेईन?" जे घ्याल ते वर. कटऑफ न बघता, शेजाऱ्यांना न विचारता. यादी पूर्ण होईपर्यंत हाच प्रश्न.

मग गेल्या वर्षीच्या कटऑफचा उपयोग काय? उपयोग आहे, पण यादीच्या खालच्या टोकाला. आपला क्रमांक साधारण कुठवर पोहोचतो याचा अंदाज आला की किती खोलवर नावं लिहायची ते कळतं. वरची बाजू मनासारखी आणि खालची बाजू लांबलचक, अशी यादी चांगली. दहाच नावं लिहून थांबणाऱ्यांची मला काळजी वाटते.

कटऑफ बघताना मार्क बघू नका, क्रमांक बघा. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, पेपर इतका अवघड गेला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मिळाले. म्हणजे २०२४ चे "सहाशे चाळीसवाले कुठे गेले" हे बघून २०२५ च्या मुलाला काहीही कळणार नव्हतं. अखिल भारतीय क्रमांक आणि त्यावरून सीईटी सेल, म्हणजे राज्याचा प्रवेश परीक्षा कक्ष, काढतो तो राज्याच्या यादीतला क्रमांक, हेच वर्षावर्षांत ताडून बघण्यासारखे आकडे. मराठवाडा आणि विदर्भातल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. २०२० च्या आधीचे कटऑफ काढून बसू नका. तेव्हा ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता, सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांसाठी राखलेल्या असत. सप्टेंबर २०२० मध्ये तो रद्द झाला आणि आता सगळा महाराष्ट्र एकाच यादीत आहे. मोठ्या ताईच्या वेळचा अंदाज धाकट्याला लागू पडत नाही तो यामुळेच.

पात्र झालं म्हणजे जागा पक्की, असंही समजू नका. २०२५ मध्ये देशभरात २२ लाखांवर मुलांनी परीक्षा दिली, त्यातली १२ लाखांवर पात्र ठरली, आणि एमबीबीएसच्या जागा सरकारी-खाजगी सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या आसपास. पात्रतेचा अर्थ एवढाच की तुम्हाला रांगेत उभं राहता येतं.

आता रांगा किती? दोन, आणि दोन्हीकडे वेगवेगळी नोंदणी करावी लागते. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. ते काम दिल्लीची एमसीसी, म्हणजे वैद्यकीय समुपदेशन समिती करते. सगळी एम्स, पुदुच्चेरीचं जिपमेर आणि देशभरची अभिमत (डीम्ड) विद्यापीठंही तिच्याकडेच. उरलेल्या ८५ टक्के जागा आणि राज्यातली खाजगी कॉलेजं आपल्या सीईटी सेलकडे. खाजगी कॉलेजांतल्या १५ टक्के संस्थास्तरीय जागासुद्धा, ज्यांना लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात त्या, सीईटी सेलच नीटच्या गुणवत्तेने भरतो. हे मुद्दाम सांगतो, कारण जून-जुलैत फोन येतात, "मॅनेजमेंटची सीट आहे, टोकन भरा." या प्रक्रियेच्या बाहेर एमबीबीएसचा प्रवेश नाही. असा फोन आला तर ठेवून द्या.

दिल्लीची नोंदणी टाळू नका. "आपल्याला कुठे बाहेर जायचंय" म्हणून पुष्कळ पालक ती सोडतात. पण त्या १५ टक्क्यांत आपल्याच पुण्या-मुंबईच्या, मिरजेच्या, नागपूरच्या सरकारी जागाही असतात. पुण्याच्या एएफएमसीची, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची, वाटही एमसीसीच्या नोंदणीतूनच जाते. तिथे जायचं असेल तर ती इच्छा नोंदवावी लागते आणि नीटनंतर त्यांची स्वतःची चाचणी, मुलाखत आणि शारीरिक तपासणी होते.

कागदपत्रांपाशी आता थोडं थांबू या, कारण मार्क असून मागे पडलेली मुलं मी इथेच पाहिली आहेत.

पहिली गोष्ट तर दहावीनंतर लगेच ठरते. राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते, शिवाय अधिवास प्रमाणपत्र. बदलीच्या सरकारी नोकरीतल्यांसारख्यांना काही सवलती आहेत, पण त्या मोजक्या. दोन वर्षं कोटा शहरात क्लासला पाठवायचं म्हणून बारावीचा प्रवेशच तिथल्या, राजस्थानातल्या, शाळेत घेतला, तर मुलगा जन्माने, भाषेने, पत्त्याने महाराष्ट्राचा असूनही या जागांना मुकतो. तिथले क्लासवाले हे आपणहून सांगतीलच असं नाही. बेळगाव, कारवार, बिदर, कलबुर्गीकडच्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी मात्र वेगळ्या राखीव जागा आहेत. तिकडे नातेवाईक असतील तर त्यांना जरूर कळवा.

दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. दाखला प्रांत कार्यालयातून येतो. वैधता जात पडताळणी समितीकडून, आणि तिला आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, कोतवाल बुकातले उतारे असं काय काय लागतं. महिने जातात. विज्ञान शाखेच्या मुलांनी अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत हा अर्ज टाकावा. आमच्या कॉलेजात मी ऑगस्टपासून अकरावीच्या मुलांच्या मागे लागतो. ती कंटाळतात, पण दोन वर्षांनी त्यांचे आईवडील पेढे घेऊन येतात.

नॉन-क्रिमीलेअरचा दाखला ओबीसी, विमुक्त, भटक्या जमाती आणि एसईबीसी (राज्याचं मराठा आरक्षण) यांना लागतो, एससी-एसटीला लागत नाही. त्यात पुष्कळ घरांचा एक घोटाळा होतो. वार्षिक उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा बघताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. आईवडील कोणत्या दर्जाच्या पदावर आहेत ते वेगळं तपासतात. "आम्ही दोघं नोकरीला, आमचं होणारच नाही" म्हणून शिक्षक दांपत्यं अर्जच करत नाहीत, आणि मुलगा खुल्यातून झगडतो. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचं, उलट आहे. तिथेही मर्यादा आठ लाखच, पण पगार, शेती, धंदा सगळं मोजतात.

आणि दिल्लीला राज्याचा दाखला चालत नाही. एमसीसीला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षातला लागतो. आपल्याकडचे भटक्या जमातींचे एनटी-सी, एनटी-डी वगैरे गट केंद्राला माहीत नाहीत. धनगर, वंजारी अशा ज्या जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत त्यांना तिथे ओबीसी म्हणून जागा मिळते. मराठा समाजाचं एसईबीसी आरक्षण फक्त राज्यात आहे. कुणबी नोंद निघाली असेल तर केंद्राच्या यादीतही कुणबी ओबीसीत येतात. सेतू केंद्रात जाल तेव्हा एकाच फेरीत दोन्ही नमुने मागून घ्या.

प्रवर्ग लिहिला तर खुल्या जागेवरचा हक्क जातो, असं कुणीतरी सांगितलं म्हणून फॉर्ममध्ये "ओपन" टाकणारीही मुलं भेटतात. तसं होत नाही. आधी खुल्या जागेसाठी विचार होतो, तिथे क्रमांक पोहोचला नाही तर प्रवर्गाच्या जागेसाठी. लिहिल्याने फक्त एक दार वाढतं.

पहिल्या फेरीत जागा मिळाली की खरी कसोटी लागते. मिळालेल्या कॉलेजात जाऊन प्रवेश घ्यायचा आणि पुढच्या फेरीत आणखी चांगल्यासाठी थांबायचं, अशी सोय असते. जे मिळालं त्यातच समाधान असेल तर राज्याच्या प्रक्रियेत स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे आहे तीच जागा कायम ठेवण्याचा, फॉर्म भरून देतात. तो भरला की पुढच्या फेऱ्यांत तुमचं नाव येत नाही. पुष्कळ मुलं कॉलेजच्या खिडकीवर गोंधळून, पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर सही करतात. हा कागद वाचूनच सही करा.

थांबायचं ठरलं तर दुसऱ्या फेरीची नवी यादी भरताना डोकं शांत ठेवा. त्यात फक्त हातातल्या जागेपेक्षा जास्त आवडणारी नावं लिहायची. मला आठवतो तो एक मुलगा, पहिल्या फेरीत त्याला मिरज मिळालं होतं. दुसऱ्या फेरीला त्याने जुनीच यादी जशीच्या तशी उतरवली. मिरजेच्या खालची नावं तशीच राहिली आणि मिरज मात्र "ते तर आहेच" म्हणून वगळलं. दुसऱ्या फेरीत खालचं एक कॉलेज लागलं, आणि ते लागल्याक्षणी मिरजेची जागा आपोआप रद्द होऊन दुसऱ्या कुणाला गेली. परत मिळत नाही. आठ दिवस तो घराबाहेर पडला नव्हता.

जिथे जाणारच नाही असं कॉलेज यादीत लिहू नका, हेही त्यातच आलं. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर नुकसान नाही. पुढच्या फेऱ्यांत अनामत जाते, आणि अगदी शेवटच्या, उरलेल्या जागांच्या स्ट्रे फेरीत मिळूनही गेलं नाही तर पुढच्या वर्षीच्या नीटलाही मुकावं लागू शकतं. अभिमत विद्यापीठांसाठी तर अनामतच दोन लाख आहे. शेवटच्या रात्री "टाकून तर ठेवू" म्हणून लिहिलेली नावं अशी महागात पडतात.

पैशांचं थोडक्यात. सरकारी कॉलेजची वर्षाची फी दीड लाखाच्या आतबाहेर. खाजगीची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजागणिक लाखांचा फरक असतो, म्हणून यादी करण्याआधीच तो तक्ता उघडा. अभिमत विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या पुढे. हे आकडे साडेचार वर्षांनी गुणायचे, शिवाय खोली-मेस वेगळी. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून राज्य सरकारने शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. संस्थास्तरीय कोटा आणि अभिमत विद्यापीठांना ती सवलत नाही. मुलीसाठी खाजगी कॉलेज परवडणार नाही म्हणून यादीतून खोडण्याआधी हे तपासा.

सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांतून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा द्यावी लागते, नाहीतर दहा लाख भरावे लागतात. पालकांना हा बाँड म्हणजे संकट वाटतं. मला तसं वाटत नाही. माझे विद्यार्थी प्राथमिक आरोग्य केंद्रातलं ते वर्ष करून येतात तेव्हा सर्पदंशाला आणि अडलेल्या बाळंतिणीला न घाबरता हात घालणारे डॉक्टर झालेले असतात.

राहता राहिला मूळ प्रश्न, वर लिहायचं कुणाला. माझं मत सांगतो. इमारतीपेक्षा पेशंट बघा. एमबीबीएस वॉर्डात शिकतात. परळचं केईएम, भायखळ्याचं जे. जे., सायन, पुण्याचं ससून, नागपूरचं मेडिकल इथे ओपीडीला जी गर्दी असते तीच तुमची शाळा. अंबाजोगाईसारखं गावातलं जुनं कॉलेजही याच कारणाने मला आवडतं, चार जिल्ह्यांतले पेशंट तिथे येतात. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या कॉलेजचं वातावरण अगदी वेगळं, खादी आणि आश्रमातलं शिबिर. ज्याला ते मनापासून पटेल त्याने वर लिहावं, न पटेल त्याने नुसतं नावाला भुलू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच वेळी दहा नव्या सरकारी कॉलेजांचं उद्घाटन झालं, गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, जालना, भंडारा वगैरे. ती जिल्हा रुग्णालयांना जोडलेली आहेत. अशा ठिकाणचं नाव लिहिण्याआधी शक्य असेल तर एक दिवस एसटीने जाऊन या. गेटवरच्या चहाच्या टपरीवर पहिल्या वर्षाची मुलं भेटतात. त्यांना विचारा शरीररचनाशास्त्राला शिकवणारे पुरेसे आहेत का, डिसेक्शनला देह आहेत का, वसतिगृह मिळालं का. ती खरं सांगतात.

आणि मुलीला किंवा मुलालाही विचारा. सतरा-अठराव्या वर्षी घरापासून सातशे किलोमीटरवर पहिलं वर्ष काढणं सगळ्यांना सारखं झेपत नाही. कुणाला घर जवळ हवं असेल तर तेही यादीत वर यायला पुरेसं कारण आहे. त्यात लाज नाही.

त्या संध्याकाळी आम्ही तिची यादी पुन्हा केली. प्रत्येक नाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलं आणि दोन-दोन चिठ्ठ्या तिच्यापुढे धरत गेलो. वडील आधी मध्ये बोलत होते, मग गप्प बसून बघायला लागले. सायन चौथ्या क्रमांकावर आलं. शेजारच्या जिल्ह्यातलं कॉलेज तेराव्यावर. यादी त्रेचाळीस नावांची झाली. सबमिट केल्यावर तिने प्रिंट काढून आणली आणि मी ती माझ्या हस्तलिखित कागदाशी ओळ-ओळ ताडून पाहिली, कारण माऊस घसरून नववं नाव एकोणिसाव्यावर गेलेलं मी एकदा पाहिलं आहे.

जाताना तिला एक काम सांगितलं, तेच तुम्हालाही. प्रवेशाच्या दिवशी मूळ कागद कॉलेज ठेवून घेतं. त्याआधी प्रत्येक कागद रंगीत स्कॅन करून मोबाईलमध्ये, मेलवर आणि वडिलांच्या मोबाईलमध्येही ठेवा, आणि झेरॉक्सचे चार संच करा. पुढे महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, त्याला हेच सगळे कागद परत लागतात, आणि तेव्हा ते दुसऱ्या शहरातल्या कपाटात असतात.